सुरक्षेचं बिल कोण भरतं? क्लॉड शॅनन यांची गोष्ट

आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी माझं घरात आजीशी बोलण्यापुरतं आणि शाळेत मार्कांपुरतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण हॉस्टेलच्या ६३ मुलींनी ज्या अर्जावर सह्या केल्या तो मराठीत होता, मी लिहिलेला होता, आणि चुकीचा होता!

झालं असं. आमचं हॉस्टेल कॅम्पसबाहेर, भाड्याच्या बिल्डिंगमध्ये आहे. तिथलं सगळं ट्रॅफिक व्हीपीएनमधून कॉलेजच्या सर्व्हरपर्यंत जातं. गेल्या सेमला नेट इतकं स्लो झालं की रात्री मेसमधून वर येऊन लेक्चरचा व्हिडिओ लावावा, तर नुसतं चक्र गोल गोल फिरत राहायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री तर रडायचीच वेळ. कुणीतरी म्हणालं की हा सगळा सिक्युरिटीचा त्रास आहे, एन्क्रिप्शनने ट्रॅफिक दुप्पट होतं. मला ते लगेच पटलं. मी अर्ज लिहिला की हॉस्टेलपुरती सगळी सिक्युरिटी काढून टाका, म्हणजे स्पीड आपोआप वाढेल. सह्या गोळा केल्या आणि नेटवर्क लॅबच्या सरांकडे शिफारशीसाठी गेले.

सरांनी अर्ज शांतपणे वाचला आणि एकच गोष्ट विचारली. सिक्युरिटी नेमकी किती बँडविड्थ खाते? आकडा काय? माझ्याकडे आकडा नव्हता. मग त्यांनी कपाटातून एका जुन्या पेपरची झेरॉक्स काढून दिली, १९४९ सालची, आणि हे वाचून ये, मग बघू, असं सांगितलं. लेखकाचं नाव क्लॉड शॅनन. सेकंड इयरला कम्युनिकेशनच्या पेपरमध्ये चार मार्कांसाठी पाठ केलेलं चॅनल कपॅसिटीचं सूत्र ज्यांचं, तेच हे. त्या सूत्रामागे एक जिताजागता माणूस होता हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं!

काटेरी तारेचा टेलिग्राफ

क्लॉड एलवूड शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पेटॉस्की इथे झाला. बालपण गेलं जवळच्याच गेलॉर्ड नावाच्या छोट्या गावात. वडील व्यावसायिक, पुढे न्यायाधीशही झाले. आई भाषा शिकवायची आणि गावातल्या हायस्कूलची मुख्याध्यापिकाही होती. घरात पुस्तकं आणि अवजारं दोन्ही असलेला मुलगा काय करणार? क्लॉडने अर्ध्या मैलावरच्या मित्राच्या घरापर्यंत टेलिग्राफची लाइन टाकली. नवी तार आणायला पैसे कुठले! म्हणून शेताच्या कुंपणाची काटेरी तारच त्याने वायर म्हणून वापरली. एडिसन हा त्याचा हिरो. गंमत म्हणजे, एडिसन आपले लांबचे नातेवाईक लागतात हे त्याला मोठेपणी कळलं. गुप्तलिपीची कोडी सोडवायचा नादही त्याला लहानपणापासूनच होता.

१९३६ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीतून तो दोन डिग्र्या घेऊन बाहेर पडला, एक इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची आणि एक गणिताची. त्यानंतर एमआयटी. तिथे व्हॅनेव्हर बुश यांचं डिफरन्शियल ॲनलायझर नावाचं खोलीभर पसरलेलं यंत्र सांभाळायची नोकरी मिळाली. त्या यंत्राचे रिले उघडमिट करताना बघून त्याच्या लक्षात आलं की बंद-चालू म्हणजेच शून्य आणि एक, आणि जॉर्ज बूल यांचं कॉलेजात शिकलेलं तर्कशास्त्र या सर्किटला तंतोतंत लागू पडतं. १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने यावर मास्टर्सचा थिसिस लिहिला. आपण डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये के-मॅप सोडवताना जे वैतागतो ना, त्याची सुरुवात तिथे आहे. (एकविसावं वर्ष! मला आत्ता विसावं चालू आहे आणि एम-थ्री अजून बाकी आहे. असो.)

१९४० मध्ये गणितात डॉक्टरेट, मग काही महिने प्रिन्स्टन, आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या बेल लॅब्समध्ये नोकरी. तोपर्यंत युद्ध पेटलेलं होतं.

पन्नास टनांचा फोन

इथून पुढची गोष्ट आपल्या विषयाची आहे.

युद्धात रूझवेल्ट आणि चर्चिल यांना अटलांटिक महासागरापलीकडे फोनवर बोलावं लागायचं. हे बोलणं शॉर्टवेव्ह रेडिओवरून जायचं, म्हणजे कुणीही ऐकू शकतं. म्हणून ए-थ्री नावाचा स्क्रॅम्बलर लावलेला होता. तो आवाजाच्या फ्रिक्वेन्सीचे पाच पट्टे करायचा आणि त्यांची अदलाबदल करायचा, काही पट्टे उलटेही करायचा. स्वस्त आणि सुटसुटीत काम! जेवढी बँडविड्थ साध्या फोनला लागते तेवढ्यातच भागायचं. ओव्हरहेड जवळजवळ नाहीच. आपल्या अर्जावर सह्या करणाऱ्या सगळ्या जणी या यंत्रावर खूश झाल्या असत्या.

फक्त एक अडचण होती. जर्मन लोक ते ऐकत होते. त्यांच्या टपाल खात्याने ताब्यातल्या हॉलंडमध्ये समुद्राकाठी एक केंद्र उभारून ए-थ्री उलगडायची सोय केली होती. पाच पट्ट्यांची अदलाबदल होऊन होऊन किती प्रकारे होणार? ओव्हरहेड शून्य, पण सुरक्षाही तशीच.

मग बेल लॅब्सने दुसऱ्या टोकाचं यंत्र बांधलं. त्याचं नाव सिगसॅली. एका ठिकाणच्या यंत्राला ४० रॅक, वजन ५० टनांहून जास्त, वीज सुमारे ३० किलोवॅट. १५ जुलै १९४३ रोजी पेंटागॉन आणि लंडन यांच्यामध्ये ही सेवा सुरू झाली. लंडनचं यंत्र ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात ठेवलं होतं. वर साड्या, सॉरी, कोट-हॅटची खरेदी, आणि खाली युद्धाचे फोन!

हे चालायचं कसं ते जरा नीट बघू. होमर डडली यांनी शोधलेल्या व्होकोडरने आवाज आधी बारीक केला जायचा. पूर्ण आवाज न पाठवता त्याचे फक्त १२ आकडे पाठवायचे, त्यातले दहा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांत किती जोर आहे त्याचे, आणि दोन स्वराच्या उंचीचे. हे १२ आकडे सेकंदाला ५० वेळा घ्यायचे. प्रत्येक आकडा शून्य ते पाच, म्हणजे सहाच पायऱ्या. मी हिशोब करून बघितला. १२ गुणिले ५० म्हणजे सेकंदाला ६०० आकडे. सहा पायऱ्यांच्या एका आकड्याला सुमारे २.५८ बिट. एकूण सेकंदाला साधारण १,५५० बिट. आपल्या नेहमीच्या डिजिटल टेलिफोनचं मोजमाप सेकंदाला ६४,००० बिट धरतात. म्हणजे चाळिसाव्या भागात आवाज बसवला!

आता कुलूप. या प्रत्येक आकड्यात एक रँडम आकडा मिळवायचा. पाचाच्या पुढे गेला की पुन्हा शून्यापासून मोजायचं, घड्याळासारखं. पलीकडे तोच रँडम आकडा वजा करायचा. हे रँडम आकडे ग्रामोफोनच्या तबकडीवर रेकॉर्ड केलेले असायचे. एका चावीच्या दोनच तबकड्या, एक इकडे आणि एक तिकडे. दोन्ही एकाच वेळी, एकाच वेगाने फिरल्या पाहिजेत, नाहीतर सगळा कचरा. एक तबकडी १२ मिनिटं पुरायची, आणि एकदा वाजवली की नष्ट करायची.

इथे थांबून विचार करा. १२ मिनिटांच्या बोलण्याला ४,३२,००० रँडम आकडे लागले. म्हणजे जेवढा निरोप, तेवढीच चावी. रेडिओच्या चॅनलवर तर काही जास्तीचं ट्रॅफिक दिसत नाही, पण तेवढंच ट्रॅफिक आधीच पहाऱ्यात, तबकड्यांच्या रूपाने समुद्रापलीकडे गेलेलं आहे. ओव्हरहेड नाहीसा झाला नाही, त्याने फक्त रस्ता बदलला. शिवाय आवाज एवढा बारीक केल्यामुळे बोलणाऱ्याचं बोलणं यंत्रासारखं यायचं, समोरचा माणूस कोण ते ओळखू यायचं नाही. तेही बिलच की!

या कामात शॅनन यांच्याकडे गणिताची बाजू होती, म्हणजे असं कुलूप खरोखरच फुटत नाही का, हे तपासणं. युद्धकाळात प्रत्येकाला फक्त स्वतःचा तुकडा माहीत असायचा. १९४३ च्या सुरुवातीला ब्रिटनहून ॲलन ट्युरिंग हेच यंत्र तपासायला बेल लॅब्समध्ये आले. दोघं रोज दुपारच्या चहाला कॅन्टीनमध्ये भेटायचे. जगातले गुप्तलिपीचे दोन मोठे जाणकार एका टेबलावर, आणि त्या विषयावर एक शब्द बोलायची परवानगी नाही! मग ते कशावर बोलायचे? यंत्राला विचार करता येईल का, मेंदूसारखं मशीन बनवता येईल का, यावर. ट्युरिंग यांनी आपला १९३६ चा पेपर शॅनन यांना दाखवला तोही याच भेटींमध्ये. हे वाचताना मला वाईट वाटलं. गुप्ततेची किंमत फक्त बिटमध्ये भरावी लागत नाही. माणसं समोरासमोर बसून गप्प राहतात, हाही एक ओव्हरहेडच आहे. सिगसॅलीची माहिती जगासमोर आली ती थेट १९७६ मध्ये.

दोन पेपर

१ सप्टेंबर १९४५ या तारखेचा शॅनन यांचा एक गोपनीय रिपोर्ट आहे, गुप्तलिपीच्या गणितावरचा. तो कपाटात बंद झाला. पण त्यातले बरेच विचार दुसऱ्या दाराने बाहेर आले. १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरमध्ये बेल लॅब्सच्या जर्नलमध्ये त्यांचा संदेशवहनाच्या गणितावरचा पेपर छापून आला आणि माहिती हीसुद्धा मोजता येते हे जगाला कळलं. बिट हा शब्द छापील स्वरूपात तिथेच आला (शब्द सुचवणारे जॉन टुकी, असं श्रेय शॅनन यांनी स्वतःच दिलंय). प्रत्येक चॅनलची एक कमाल क्षमता असते, ती बँडविड्थवर आणि सिग्नल व नॉइजच्या प्रमाणावर ठरते. त्या मर्यादेच्या आत राहिलात तर हुशारीने कोडिंग करून चुका हव्या तेवढ्या कमी करता येतात. मर्यादा ओलांडलीत तर कितीही हुशारी करा, उपयोग नाही. म्हणजे पाइप ठरलेला आहे. आता त्यातून सुरक्षेसाठी काय जाणार आणि कामाचं काय जाणार, हा आपला प्रश्न.

त्याचं उत्तर दुसऱ्या पेपरमध्ये आहे. हीच ती सरांनी दिलेली १९४९ ची झेरॉक्स. जुन्या गोपनीय रिपोर्टचंच हे खुलं रूप. यात त्यांनी सिद्ध केलं की शंभर टक्के न फुटणारं कुलूप हवं असेल तर चावीत कमीत कमी निरोपाएवढी माहिती असलीच पाहिजे. म्हणजे सिगसॅलीच्या तबकड्या हा कुणाचा उधळेपणा नव्हता, ते गणित होतं. आणि शत्रूला आपलं यंत्र पूर्ण माहीत आहे असं धरूनच चालायचं, लपवायची ती फक्त चावी, हेही त्यांनी ठासून सांगितलं.

मला सगळ्यात जास्त आवडला तो एक छोटासा भाग. एखादी गुप्त पद्धत चांगली की वाईट हे ठरवताना पाच गोष्टी तपासा, असं ते सांगतात. पहिली, गुप्तता किती मिळते. दुसरी, चावी केवढी मोठी. तिसरी, कुलूप लावायला आणि काढायला किती खटपट. चौथी, वाटेत एक चूक झाली तर ती किती पसरते. आणि पाचवी, निरोप फुगतो किती. ही पाचवी म्हणजेच आपला ट्रॅफिक ओव्हरहेड! १९४९ मध्ये, इंटरनेटच्या कितीतरी आधी, त्यांनी हा रकाना आखून ठेवला होता.

पुढे ते म्हणतात की माणसांच्या खऱ्या भाषांसाठी या पाचही गोष्टी एकदम मनासारख्या मिळणं कठीण दिसतं. पण पाचातली कुठलीही एक सोडून द्यायची तयारी असेल, तर उरलेल्या चार बऱ्यापैकी जमतात. गुप्तता सोडलीत तर ए-थ्री. चावीचा आकार सोडलात तर सिगसॅली. निरोप फुगला तरी चालेल म्हणालात, तर खऱ्या निरोपात खोट्या निरोपांची भेसळ करून शत्रूला चकवता येतं. एकूण काय, बिल येणारच. ते कुठल्या रकान्यात भरायचं एवढं आपल्या हातात आहे.

बिल कमी करायचा एक मार्गही त्यांनी दाखवला. आपण बोलतो त्यात बरंच काही फालतू असतं. इंग्रजीत अंदाजे निम्मं, असा त्यांचा हिशोब होता. मराठीतही करून बघा. उद्य सबमशन आह. मात्रा, वेलांट्या खाल्ल्या तरी वाचता आलं ना? (आणि पोटात गोळाही आला ना?) हेच फालतू पसारा शत्रूच्या कामी येतो, कारण त्यावरून तो अंदाज बांधतो. म्हणून आधी पसारा काढा, मग कुलूप लावा. दोन फायदे, निरोपही लहान आणि कुलूपही मजबूत. उलट क्रमाने केलंत तर काहीच मिळत नाही, कारण एन्क्रिप्ट झालेला डेटा रँडम दिसतो आणि रँडम डेटा कॉम्प्रेस होत नाही. हे मला फायनल झिप करताना कधीच कळलं नव्हतं. अर्थात आंधळेपणाने हेही करू नये. २०१२ मध्ये क्राइम नावाच्या हल्ल्याने दाखवलं की कॉम्प्रेस झाल्यावर निरोपाची लांबी किती होते एवढ्यावरूनही गुपित फुटू शकतं, आणि म्हणून टीएलएस १.३ मधून कॉम्प्रेशन काढूनच टाकलं.

एककाकी सायकल आणि यांत्रिक उंदीर

एवढं काम केलेला माणूस गंभीर चेहऱ्याचा असेल असं वाटतं की नाही? मुळीच नाही! शॅनन बेल लॅब्सच्या कॉरिडॉरमधून एका चाकाची सायकल चालवत जायचे. हातात चेंडू उडवत जगलिंग करायचे. त्यांनी थिसियस नावाचा यांत्रिक उंदीर बनवला, जो चक्रव्यूहातून चाचपडत वाट शोधायचा आणि दुसऱ्या खेपेला न चुकता जायचा. बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटरवर त्यांनी १९५० मध्ये पेपर लिहिला. रोमन आकड्यांत हिशोब करणारं एक कॅल्क्युलेटर बनवलं, जे कुणालाच नको होतं! आणखी एक पेटी होती. बटण दाबलं की पेटी उघडायची, आतून एक हात बाहेर यायचा, बटण बंद करायचा आणि परत आत जायचा. बस, एवढंच काम.

१९४९ मध्ये बेल लॅब्समध्येच गणिताचं काम करणाऱ्या बेटी मूर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. हे त्यांचं दुसरं लग्न, पहिलं फार टिकलं नव्हतं. त्यांना तीन मुलं झाली. बेटी त्यांच्या कामातही बरोबरीने असायच्या. १९५६ मध्ये शॅनन एमआयटीत आले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. एवढी प्रसिद्धी मिळूनही त्यांना तिचं वावडंच होतं. आपली थिअरी लोक मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत वाटेल तिथे लावताहेत हे बघून त्यांनी १९५६ मध्ये एक छोटंसं टिपण लिहून सगळ्यांना जरा दमाने घ्यायला सांगितलं. स्वतःच्याच विषयाची हवा काढणारा माणूस! १९८५ मध्ये त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला.

शेवट मात्र वाईट झाला. त्यांना अल्झायमर झाला. माहिती मोजायला शिकवणाऱ्या माणसाची स्वतःची माहिती एकेक करून पुसली गेली. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्ड गावात त्यांचा पुतळा बसवला गेला, आणि २४ फेब्रुवारी २००१ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड इथे ते गेले. आमच्या बॅचमधलं कुणीच तेव्हा जन्मलेलंही नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने एईएस हे एन्क्रिप्शनचं स्टँडर्ड जाहीर केलं. त्याचा पाया म्हणजे गोंधळ घालणं आणि पसरवणं, कन्फ्युजन आणि डिफ्युजन, ही शॅनन यांच्याच १९४९ च्या पेपरमधली कल्पना आहे. तुम्ही आत्ता मोबाइलवर जे काही उघडाल, त्यात बहुधा ते असेलच.

आणि आमचा अर्ज?

पेपर वाचून झाल्यावर मी वहीत पाच रकाने आखले आणि आकडे शोधले. टीएलएस १.३ मध्ये प्रत्येक रेकॉर्डवर साधारण २२ बाइट जास्त लागतात. पाच हेडरचे, सोळा शिक्क्याचे आणि एक प्रकार सांगणारा. पूर्ण भरलेलं रेकॉर्ड १६,३८४ बाइटचं असतं, म्हणजे व्हिडिओ बघताना ओव्हरहेड ०.१३ टक्के. दुप्पट कुठलं डोंबल! पण ५० बाइटचा छोटा मेसेज पाठवला तर तेच २२ बाइट म्हणजे ४४ टक्के. म्हणजे ओव्हरहेड किती, हे तुम्ही पोतं भरून पाठवता की मूठ मूठ, यावर अवलंबून आहे.

मग व्हीपीएन. आमच्याकडे वायरगार्ड आहे. प्रत्येक पॅकेटमागे ६० बाइट, १,५०० च्या पॅकेटमध्ये चार टक्के. हेही काही फार नाही. मग चक्र का फिरतं? सरांनी आणि मी एका रविवारी बसून बघितलं तेव्हा कळलं. टनेलची पॅकेट-मर्यादा, म्हणजे एमटीयू, नेहमी १,४२० असते. आमच्याकडे कुणीतरी कधीतरी हाताने १,५०० टाकून ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक मोठं पॅकेट ६० बाइटने फुगून रस्त्यात मावेनासं व्हायचं, त्याचे दोन तुकडे व्हायचे, आणि एक तुकडा हरवला की दोन्ही वाया, परत पाठवा. निरोप किती फुगतो आणि चूक किती पसरते, हे शॅनन यांचे दोन रकाने एकमेकांत अडकले होते! तो एक आकडा बदलला आणि बराच फरक पडला.

तिसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी. आमच्या सीनियर्सच्या जमान्यात साध्या एचटीटीपीच्या दिवसांत प्रॉक्सी असायचा. एकीने एखादी फाइल उतरवली की त्याची प्रत प्रॉक्सीवर राहायची, दुसरीला ती तिथूनच मिळायची. आता एचटीटीपीएसमध्ये प्रॉक्सीला आत काय आहे ते दिसतच नाही. साठ मुलींनी एकच फाइल मागितली तर ती साठ वेळा लाइनवरून येते. हा ओव्हरहेड कुठल्याच हेडरमध्ये दिसत नाही, पण खरा मोठा तोच आहे. मग काढायचं का एचटीटीपीएस? आपले पासवर्ड, आपले फोटो, बँकेचं ॲप, सगळं त्याच वायरवर आहे. ए-थ्रीची गोष्ट आठवा.

पण शॅनन यांचा पहिला रकाना पुन्हा वाचला. गुप्तता किती हवी? लॅबसाठी आपण सगळ्या उबुंटूची तीच पॅकेजेस उतरवतो. त्यात गुप्त असं काहीच नाही, फक्त ती अस्सल असली पाहिजेत. आणि त्यासाठी त्यांच्यावर डिजिटल सही असतेच, फाइल कुठूनही आली तरी ती तपासली जाते. म्हणजे इथे गुप्ततेचा हट्ट सोडता येतो, आणि तो सोडला की प्रत ठेवता येते. सरांनी लॅबमधलं एक जुनं मशीन दिलं आणि आता हॉस्टेलमध्ये पॅकेजेसचा मिरर चालू आहे. जिन्याखाली घरघरणारा तो डबा म्हणजे तोच. कृपया त्यावर ओले टॉवेल वाळत घालू नका!

जुना अर्ज मी मागे घेतला. नवीन अर्जात सिक्युरिटी काढा असं नाही. त्यात मागणी आहे की नेटवर्कवर एखादी नवी सुरक्षा लावाल तेव्हा ती काय वाचवते आणि कुठल्या रकान्यात किती घेते, हे दोन्ही आकडे नोटीस बोर्डवर लावा. रेक्टर मॅडमनी सही केली आहे, पुढच्या दोन सह्या बाकी आहेत. ६३ मुलींपैकी ज्यांनी पहिल्या अर्जावर माझ्या भरवशावर सही केली त्यांना सॉरी. या वेळी आकडे आधी मोजलेत, वही माझ्या रूमवर आहे, कधीही येऊन तपासा.